न उजळणारा थर : झेरॉक्सच्या यंत्रापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

१/ महाराष्ट्रातील कोणत्याही तहसील कचेरीसमोर किंवा महाविद्यालयाच्या फाटकाशी 'झेरॉक्स' अशी पाटी असतेच. एका अमेरिकी कंपनीचे नाव मराठीत थेट क्रियेचे नाव होऊन बसले आहे. त्या दुकानातील यंत्राच्या पोटात फिरणारा ड्रम आणि रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातातील ओएलईडी पडद्याचा मोबाइल, या दोघांचे रासायनिक कूळ मात्र एकच आहे. त्या कुळाची ही कथा. #थ्रेड #इतिहास

२/ ओएलईडी म्हणजे सेंद्रिय रेणूंच्या अतिशय पातळ थरांतून प्रकाश देणारा दिवा. त्याचे कौतुक होते ते उजळणाऱ्या थराचे. त्याला चिकटून आणखी एक थर असतो. तो स्वतः प्रकाश देत नाही. धन विद्युतभार एका बाजूने आत आणून पोहोचवणे एवढेच त्याचे काम. पण दिवा किती वेळ टिकणार आणि किती वीज खाणार, हे बरेचसे या अबोल थरावर ठरते. हे समजायला संशोधकांना सुमारे वीस वर्षे लागली, आणि त्या काळात त्यांना एकामागून एक चार निदाने करावी लागली.

३/ आधी हा 'धन भार' म्हणजे काय ते पाहायला हवे. पंगतीत मधलाच एक माणूस उठून गेला, तर त्याचे पान रिकामे होते. शेजारचा सरकून तिथे बसला की रिकामी जागा एक पान मागे जाते; त्याच्या शेजारचा सरकला की आणखी एक पान मागे. माणसे एका दिशेने सरकतात आणि रिकामेपण उलट दिशेने प्रवास करते. रेणूंच्या रांगेतून इलेक्ट्रॉन असेच सरकतात. मागे सरकणाऱ्या त्या रिकाम्या जागेला भौतिकशास्त्रात 'होल', म्हणजे पोकळी म्हणतात. ती धन भारासारखी वागते.

४/ कथेची सुरुवात दिव्यापासून होत नाही, नकलेपासून होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातील एका खोलीत चेस्टर कार्लसन आणि त्यांचे साहाय्यक ओटो कॉर्नाय यांनी गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर स्थिर वीज आणि प्रकाश वापरून एक छोटी नक्कल काढली. त्या नकलेवर तारीख आणि 'अॅस्टोरिया' हे नाव होते. पुढे हॅलॉइड या कंपनीने ही कल्पना उचलली, तीच कंपनी झेरॉक्स झाली आणि १९५९ साली 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात आले.

५/ ९१४ च्या ड्रमवर सेलेनियमचा लेप होता. हे सेलेनियम काचेसारखे, म्हणजे अणूंची ठरावीक मांडणी नसलेले असावे लागे. अंधारात ते वीज रोखून धरी, प्रकाश पडला की वाहू देई. अडचण अशी की उष्णतेने त्याचे हळूहळू स्फटिक बनू लागत, आणि स्फटिक झालेला भाग भार धरून ठेवीना. हे टाळण्यासाठी त्यात आर्सेनिक मिसळावे लागे. काचरूप पदार्थाचे स्फटिक होणे हा दोष तीन दशकांनी दुसऱ्याच ठिकाणी पुन्हा उभा राहणार होता.

६/ सेलेनियमला पर्याय म्हणून सेंद्रिय पदार्थांचा शोध सुरू झाला. १९७० साली आयबीएमने पॉलिव्हिनाइल कार्बाझोल या बहुवारिकावर आधारलेले कॉपी-यंत्र आणले. त्यानंतर अधिक चतुर मांडणी रूढ झाली : कामाची वाटणी. खाली एक पातळ थर प्रकाश शोषून भार निर्माण करी. त्यावर वीस-पंचवीस मायक्रोमीटर जाडीचा पारदर्शक थर असे. पृष्ठभागावर ऋण भार दिलेला असे. प्रकाश पडला की खालून पोकळ्या निघत, वरचा थर चढून जात आणि तेथील ऋण भार पुसून टाकत.

७/ पोकळ्यांना वर नेणाऱ्या या थरासाठी ट्रायअरिलअमाइन कुळातील रेणू उत्तम ठरले. मध्ये नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला जोडलेली तीन कार्बनी वलये, अशी त्यांची घडण. नायट्रोजनजवळील इलेक्ट्रॉनच्या जोडीतील एक इलेक्ट्रॉन सहज सुटतो आणि सहज परत येतो. म्हणजे पोकळी येऊन जाते, रेणू मात्र शाबूत राहतो. तिन्ही वलये पंख्याच्या पात्यांसारखी पिळलेली असल्याने हे रेणू एकमेकांवर नीट रचले जात नाहीत. म्हणूनच त्यांचा काचेसारखा एकसंध लेप बनतो.

८/ झेरॉक्सच्या मिलान स्टोल्का, दामोदर पै, डेल रेन्फर आणि जॉन यानुस यांना १९८१ साली एक पेटंट मिळाले. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमध्ये विरघळवलेल्या डायअमाइनचा पोकळीवाहक थर, हा त्याचा विषय. या डायअमाइनांपैकी एक पुढे 'टीपीडी' या लघुनावाने जगभर ओळखला गेला. छायाचित्रणाची फिल्म बनवणारी कोडॅक कंपनीही कॉपी-यंत्रांच्या धंद्यात होती आणि अमाइनांवर तिचीही स्वतःची पेटंटे होती. दोन्ही कंपन्यांच्या कपाटांत हे रेणू बाटल्यांत भरून ठेवलेले होते, कागदाच्या नकला काढण्यासाठी.

९/ सेंद्रिय पदार्थातून विजेने प्रकाश काढण्याचे प्रयत्न दरम्यान वेगळ्याच लोकांकडून चालले होते. फ्रान्समधील नान्सी येथे आंद्रे बर्नानोज यांनी १९५० च्या दशकात रंगद्रव्यांच्या लेपांवर उच्च दाबाची प्रत्यावर्ती वीज देऊन चमक मिळवली. १९६३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रॅसिनच्या स्फटिकातून प्रकाश काढला. त्यासाठी सुमारे ४०० व्होल्ट लागले. दोन वर्षांनी कॅनडात हेल्फ्रिख आणि श्नायडर यांनी एका टोकाने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या टोकाने पोकळ्या सोडून दोघांचे मीलन घडवले. जिथे ते भेटतात तिथे प्रकाश निर्माण होतो, हे स्पष्ट झाले.

१०/ पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील रॉजर पार्ट्रिज यांनी पॉलिव्हिनाइल कार्बाझोलच्या पातळ लेपातून प्रकाश मिळवला. १९८२ साली व्हिन्सेट आणि सहकाऱ्यांनी अँथ्रॅसिनचा पातळ लेप वापरून दाब ३० व्होल्टच्या आसपास आणला. तरी एक मूळ अडचण कायम होती. एकाच पदार्थाने पोकळ्या आणायच्या, इलेक्ट्रॉन आणायचे, आणि दोघांना प्रकाशाच्या जागी भेटवायचेही. बहुतेक भार न भेटताच समोरच्या विद्युताग्रापर्यंत निघून जात आणि वीज वाया जाई.

११/ कामाची वाटणी ज्या गृहस्थांना सुचली ते चिंग टँग. जन्म हाँगकाँगचा, पदवी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची, डॉक्टरेट कॉर्नेलची. १९७५ साली ते रॉचेस्टर येथील कोडॅकमध्ये रुजू झाले. तेलाच्या टंचाईचा तो काळ. सेंद्रिय पदार्थांचे सौर घट बनवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. दोन वेगळ्या पदार्थांचे दोन पातळ थर एकमेकांना भिडवून त्यांनी सुमारे एक टक्का कार्यक्षमतेचा घट तयार केला. तो शोधनिबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला.

१२/ सौर घटात प्रकाश आत येतो आणि थरांच्या सीमेवर भार वेगळे होतात. दिव्यात याच्या उलट घडायला हवे : भार आत यावेत आणि सीमेवर भेटावेत. टँग आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन थरांची तीच रचना उलट चालवली. पोकळ्या आणण्यासाठी त्यांनी घेतला टीएपीसी नावाचा सुगंधी डायअमाइन, म्हणजे कॉपी-यंत्रांच्या अमाइनांचाच भाऊबंद. इलेक्ट्रॉन आणून प्रकाश देण्यासाठी घेतला अॅल्युमिनियमचा एक संयुक्त रेणू, एएलक्यू-३.

१३/ 'सेंद्रिय विद्युतदीप्ती डायोड' हा त्यांचा निबंध १९८७ साली 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मध्ये आला. काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक धनाग्र, त्यावर सुमारे ७५ नॅनोमीटर डायअमाइन, त्यावर सुमारे ६० नॅनोमीटर एएलक्यू-३, आणि वर मॅग्नेशियम-चांदीच्या मिश्रधातूचा ऋणाग्र. कॉपी-यंत्रातील पोकळीवाहक थराच्या तुलनेत हा थर सुमारे तीनशे पट पातळ होता. दहा व्होल्टहून कमी दाबावर त्याने दर चौरस मीटरला १,००० कँडेलाहून जास्त हिरवी दीप्ती दिली.

१४/ डायअमाइनचा थर येथे दोन कामे करीत होता. तो धनाग्राकडून पोकळ्या घेऊन सीमेपर्यंत पोहोचवी. आणि समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना तो आपल्या हद्दीत शिरू देत नसे, कारण त्यांना वर चढायला लागणारी ऊर्जेची पायरी उंच होती. मग इलेक्ट्रॉन सीमेशी अडून राहत, पोकळ्या तिथे येऊन मिळत, आणि प्रकाश एएलक्यू-३ च्या सीमेलगतच्या पट्ट्यातून निघे. वाहक आणि पहारेकरी अशी दोन्ही कामे एकाच थराने केली, म्हणून भार वाया जाणे थांबले.

१५/ तरी बाहेर पडणारा प्रकाश शेकडा एकच होता : शंभर इलेक्ट्रॉन खर्ची पडावेत आणि एक प्रकाशकण बाहेर यावा, इतका. त्याहून मोठी चिंता आयुष्याची होती. कोरड्या आर्गॉन वायूत ठेवलेल्या त्या दिव्याची चमक सतत चालवल्यास सुमारे १०० तासांत निम्मी झाली. शंभर तास म्हणजे चार दिवस. गणपती बसल्यावर लावलेला असा दिवा विसर्जनाच्या कितीतरी आधीच मंद झाला असता. दूरचित्रवाणीसाठी हजारो तास हवे होते. पुढील सारा इतिहास 'दिवा का मरतो?' या एका प्रश्नाभोवती फिरला.

१६/ जपानमध्ये हे काम वेगाने उचलले गेले. क्युशू विद्यापीठात शोगो साइतो, तेत्सुओ त्सुत्सुई आणि तरुण चिहाया अडाची यांनी १९८८ साली तीन थरांचा दिवा मांडला : पोकळ्या नेणारा वेगळा, प्रकाश देणारा वेगळा, इलेक्ट्रॉन आणणारा वेगळा. त्यांनी पोकळ्यांसाठी वापरला टीपीडी. झेरॉक्सच्या पेटंटमधला तो कॉपी-यंत्राचा रेणू काही वर्षांतच जगभरच्या प्रयोगशाळांत दिव्याचा नेहमीचा घटक झाला. त्याच्याच अभ्यासातून मृत्यूचे पहिले निदान झाले.

१७/ पहिले निदान : थर साखरतो. मुरांब्याचा पाक काही महिन्यांनी बरणीत साखरतो, नितळ पाकात खडे धरतात, तसेच टीपीडीच्या काचरूप लेपाचे होत असे. प्रत्येक काचरूप पदार्थाला एक तापमान असते, ज्याच्या वर त्यातील रेणू सैल होऊन हलू लागतात. त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. टीपीडीचे ते ६० अंश सेल्सिअसच्या थोडे वर आहे. दिवा चालताना तापतो. उन्हात उभ्या मोटारीच्या काचेमागे तर विचारायलाच नको. रेणू हलले, खडे धरले, सपाट लेप खडबडीत झाला, की दिवा संपला.

१८/ सेलेनियमच्या ड्रमचा जुना रोग असा नव्या देहात परतला होता. कॉपी-यंत्रात टीपीडीला पॉलिकार्बोनेटच्या दाट जाळ्यात कोंडलेले असे, म्हणून तो तिथे साखरत नसे. दिव्यात तो एकटा होता. म्हणजे उधार आणलेला रेणू तसाच्या तसा चालणार नव्हता. दिव्यासाठी रेणू नव्याने घडवावा लागणार होता. हे काम रसायनशास्त्रज्ञांचे होते, आणि इथून कथेचे सुकाणू काही काळ त्यांच्या हाती गेले.

१९/ ओसाका विद्यापीठातील यासुहिको शिरोता यांनी लहान रेणूंच्या स्थिर काचा हा आयुष्याचा विषय केला होता. त्यांनी नायट्रोजनच्या केंद्रातून तीन दिशांना फांद्या फुटलेले, ताऱ्याच्या स्फोटासारखे दिसणारे रेणू घडवले. असे अवजड, वेडेवाकडे रेणू एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून साखरत नाहीत. त्यांच्या एम-एमटीडीएटीएचे काच-संक्रमण ७५ अंशांवर होते; टीसीटीए या दुसऱ्या रेणूचे १५० अंशांच्या आसपास. यातील पहिला धनाग्राला लागून बसवला की पोकळ्या अधिक सहज आत येत.

२०/ जर्मनीतील योझेफ झाल्बेक यांनी दुसरी युक्ती काढली : दोन सपाट तुकडे एका कार्बन अणूभोवती काटकोनात जोडायचे. या 'स्पायरो' रेणूंपैकी स्पायरो-टीएडीचे काच-संक्रमण १३३ अंशांवर गेले. कोडॅकने मात्र सर्वांत साधा बदल केला. टीपीडीच्या टोकांवरची दोन लहान वलये काढून त्या जागी नॅफ्थॅलिनची, म्हणजे डांबरगोळीत असते तीच, दुहेरी वलये बसवली. या रेणूचे नाव एनपीबी. त्याचे काच-संक्रमण ९५ अंश. बनवायला सोपा, निर्वातात उडवायला सोपा. पुढची अनेक वर्षे तोच प्रमाण मानला गेला.

२१/ १९९६ साली व्हॅन स्लाइक, चेन आणि टँग यांनी एनपीबीचा दिवा प्रसिद्ध केला. धनाग्र आणि एनपीबी यांच्या मध्ये त्यांनी कॉपर थॅलोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचा पातळ थर घातला होता. दर चौरस मीटरला ५१० कँडेला या दीप्तीपासून सुरुवात केली, तर चमक निम्मी व्हायला सुमारे ४,००० तास लागत. शंभरावरून चार हजार, तेही दसपट सुरुवातीच्या चमकेवर. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, जपानच्या पायोनिअरने मोटारीतील ध्वनियंत्रावर पहिला व्यापारी ओएलईडी पडदा बसवला.

२२/ मग प्रश्न सुटला असे वाटावे. पण उंच काच-संक्रमणाचे सगळेच रेणू दीर्घायुषी ठरेनात. १९९५ साली रिको या, योगायोगाने कॉपी-यंत्रांच्याच, कंपनीत काम करणाऱ्या अडाची यांनी डझनाहून अधिक पोकळीवाहक रेणू एकाच घडणीच्या दिव्यांत घालून तपासले. दुसरे निदान पुढे आले : उंबरठा. धनाग्रातून रेणूत शिरताना पोकळीला जितकी लहान पायरी चढावी लागे, तितका दिवा अधिक टिके. उंबरठा उंच असला की जास्त दाब लागे, आणि त्याचा ताण नेमका त्या नाजूक सीमेवर येई.

२३/ आता कोडे पडले. कॉपर थॅलोसायनिनचा थर घातला की दिवा टिके, हे कोडॅकने दाखवले होते. पण काही मापनांत तर तो थर पोकळ्यांचे येणे कमी करताना दिसे. दार सताड उघडे असावे की किलकिले? दोन्ही सल्ल्यांच्या मागे खरे प्रयोग होते, आणि दोन्ही परस्परविरुद्ध वाटत होते. अशा जागी विज्ञानात बहुधा कोणीतरी प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडतो. येथे ते काम केले झेरॉक्सच्याच कॅनडातील संशोधन केंद्राने.

२४/ हानी अझीझ, झोरान पोपोविच आणि सहकाऱ्यांनी एएलक्यू-३ च्या थरातून जवळजवळ फक्त पोकळ्याच वाहतील अशी रचना केली. त्या थराची चमकण्याची शक्ती भराभर ओसरली. १९९९ साली 'सायन्स'मध्ये तिसरे निदान छापून आले : एएलक्यू-३ इलेक्ट्रॉन सहन करतो, पोकळी सहन करीत नाही. अमाइनच्या थरातून पोकळ्या एएलक्यू-३ मधील इलेक्ट्रॉनांपेक्षा कितीतरी पट वेगाने धावतात. सीमेवर त्यांची गर्दी होते, काही पलीकडे घुसतात, आणि उजळणाऱ्या रेणूलाच बिघडवतात.

२५/ बैलजोडीतला एक बैल तुफान आणि दुसरा संथ असला की नांगर सरळ चालत नाही. तसेच हे. पोकळीवाहकाचा वेग हा त्याचा गुण समजला जात होता. त्याच वेगाने शेजारी मरत होता. कॉपर थॅलोसायनिन पोकळ्यांना थोडे रोखत होता, म्हणूनच दिवा टिकत होता. आत येण्याचा उंबरठा सुबक हवा, पण आलेल्या पोकळ्यांची संख्या समोरच्या इलेक्ट्रॉनांशी जुळायलाही हवी. दोन विरोधी सल्ल्यांचे कोडे या तोलाच्या कल्पनेने बरेचसे उलगडले.

२६/ चौथे निदान याहून सूक्ष्म होते. २००० नंतरच्या दशकात कोडॅकचे डेनिस कोंडाकोव यांनी मेलेले दिवे उघडून आतल्या रेणूंचे रासायनिक पृथक्करण केले. पोकळीवाहक अमाइनही अजर नव्हते. ऊर्जा मिळून उत्तेजित झालेल्या रेणूचा एखादा दुबळा बंध तुटे. टीएपीसीत तो मधल्या सायक्लोहेक्झेन वलयाशी होता. तुटलेले तुकडे पुढे भार पकडून ठेवत आणि प्रकाश गिळत. म्हणजे रेणू साखरला नाही, उंबरठा ठीक आहे, तोलही आहे, तरी बंध टिकाऊ नसेल तर दिवा मरणारच.

२७/ दरम्यान कार्यक्षमतेची कसोटीही बदलली. साध्या दिव्यात उत्तेजित अवस्थांपैकी सुमारे चौथा हिस्साच प्रकाश देतो. उरलेल्या 'ट्रिप्लेट' अवस्था वाया जातात. १९९८ साली बाल्डो, थॉम्पसन, फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमयुक्त रेणू वापरून याही अवस्थांतून प्रकाश काढला. आता पोकळीवाहकावर नवे ओझे आले : त्याची स्वतःची ट्रिप्लेट ऊर्जा उंच हवी, नाहीतर तो शेजाऱ्याची ऊर्जा शोषून घेणार. निळ्या प्रकाशासाठी एनपीबी येथे तोकडा पडला. प्रयोगशाळांनी पुन्हा बाटली काढली ती १९८७ च्या टीएपीसीची. त्याची ट्रिप्लेट ऊर्जा पुरेशी उंच होती. पण त्याचा तो दुबळा बंधही सोबत आला.

२८/ एकाच रेणूत सारे गुण मिळत नाहीत हे मान्य झाल्यावर कामाची आणखी वाटणी झाली. पोकळी आत घेणारा एक थर, वाहणारा दुसरा, इलेक्ट्रॉन आणि उत्तेजना अडवणारा तिसरा. जर्मनीत ड्रेस्डेन येथील कार्ल लिओ यांच्या गटाने वाहक थरात इलेक्ट्रॉन ओढून घेणारे रेणू अल्प प्रमाणात मिसळून त्याची वाहकता वाढवली, त्यामुळे दिव्याला लागणारा दाब कमी झाला. १९८७ चा दोन थरांचा दिवा आज अनेक थरांचा झाला आहे आणि त्यातील बरेच थर पोकळ्यांच्या सेवेत आहेत.

२९/ ज्या कंपनीत हे घडले तिला त्याचे फळ चाखता आले नाही. कोडॅकने २००३ साली ओएलईडी पडद्याचा डिजिटल कॅमेरा आणला. २००७ साली सोनीचा ११ इंची ओएलईडी दूरचित्रवाणी संच बाजारात आला. पण फिल्मचा धंदा बुडत होता. २००९ च्या अखेरीस कोडॅकने आपला ओएलईडी विभाग एलजी समूहाला विकला आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. टँग यांना २०११ साली रसायनशास्त्राचे वुल्फ पारितोषिक आणि २०१९ साली क्योतो पारितोषिक मिळाले.

३०/ पोकळीवाहक रेणूंचा प्रवास एका वळणाने जिथून निघाला तिथे परतलाही. झाल्बेक यांच्या स्पायरो कुळातील स्पायरो-ओएमईटीएडी हा रेणू १९९८ साली ग्रेट्झेल यांच्या गटाने घन सौर घटात वापरला. २०१२ नंतर पेरोव्हस्काइट सौर घटांची लाट आली, त्यात तोच रेणू जवळजवळ प्रमाण ठरला. टँग सौर घटाकडून दिव्याकडे आले होते. दिव्यासाठी तयार झालेले ज्ञान सौर घटाकडे गेले. आणि तेथेही संशोधकांचा पहिला प्रश्न तोच आहे : टिकेल किती?

३१/ दिव्याचा प्रश्नही पुरता सुटलेला नाही. लाल आणि हिरवा प्रकाश आज दीर्घायुषी आहे. निळ्याचे तसे नाही. निळ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा रेणूतील बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळ जाते, म्हणून चौथे निदान येथे सर्वांत कठोरपणे लागू पडते. म्हणूनच बहुतांश पडद्यांत निळ्यासाठी अजूनही कमी कार्यक्षम पण टिकाऊ असे जुन्या पद्धतीचे रेणू वापरतात. मोबाइलची बॅटरी त्याची किंमत रोज मोजते.

३२/ साखरणे, उंबरठा, तोल आणि बंध. या चार निदानांपैकी एकही पुढच्याने खोटे पाडले नाही. प्रत्येक नव्या निदानाने आधीच्याची हद्द तेवढी दाखवली. आज नवा पोकळीवाहक रेणू प्रयोगशाळेत तयार झाला की त्याला या चारही परीक्षांना बसावे लागते. झेरॉक्सच्या दुकानातील यंत्र भुर्रर आवाज करीत कागद बाहेर टाकते, तेव्हा त्याच्या ड्रमवरून बहुधा याच कुळातील रेणूंमधून पोकळ्या वर चढत असतात. रांगेतला माणूस कंटाळून मोबाइल उघडतो, तेव्हाही.

(समाप्त)